मदरबोर्डमधलं सोनं काढायचंय? आधी ही परवानगी घ्या

जुन्या रॅमच्या कडेला पिवळ्या पट्ट्या चमकतात, तो सोन्याचा मुलामा. रिलेच्या टोकांत चांदी सापडते, काही कपॅसिटरमध्ये पॅलेडियम. व्हिडिओ बघून गच्चीवर बादलीत तेजाब ओतणारे बरेच आहेत. त्यातून निघणारा तांबूस धूर नायट्रोजनच्या ऑक्साइडचा असतो, फुप्फुसं जाळणारा. असा उद्योग बेकायदा आहे. नोंदणीशिवाय ई-कचऱ्याचं रिसायकलिंग करता येत नाही.

लागू होतात ते ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022. अंमल 1 एप्रिल 2023 पासून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर चौघांचीच नोंदणी होते: निर्माता (उपकरणं बनवणारा), उत्पादक (आपल्या ब्रँडने विकणारा किंवा आयात करणारा), रिफर्बिशर (जुनी उपकरणं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) आणि रिसायकलर. आधीच्या नियमांत फक्त माल खोलून सुटा करणाऱ्या डिसमँटलरचा वेगळा गट होता, तो आता नाही. धातू काढणाऱ्याला रिसायकलर म्हणूनच अर्ज करावा लागतो.

पण थेट पोर्टलवर जाऊन उपयोग नाही. महाराष्ट्रात सुरुवात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळापासून होते. जागा ठरली की कारखाना उभारण्याची संमती, यंत्रं बसली की तो चालवण्याची संमती, आणि घातक कचरा नियम, 2016 खालचं प्राधिकारपत्र. संमतीची फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, त्यासाठी सीएचा दाखला लागतो. खरा वेळ इथेच जातो. सोनं किती निघेल याच्याशी मंडळाला फारसं देणंघेणं नसतं. आम्लाच्या वाफा कोणत्या स्क्रबरमधून (वाफा धुऊन शुद्ध करणारं यंत्र) जाणार, धुतलेलं पाणी कुठे शुद्ध होणार, उरलेला गाळ कोण उचलणार, हे ते विचारतं. गाळासाठी तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचरा विल्हेवाट केंद्राचं सभासदत्व आधीच घेऊन ठेवा.

हे हातात आल्यावर केंद्रीय पोर्टल. पॅन, जीएसटी, कंपनी किंवा भागीदारीची कागदपत्रं, दोन्ही संमत्या, प्राधिकारपत्र, क्षमतेसह यंत्रांची यादी, प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेचा तपशील आणि कारखान्याचे फोटो तयार ठेवा. संमतीपत्रावरची वार्षिक क्षमता आणि अर्जातला आकडा तंतोतंत जुळवा. खोटी माहिती दिल्याचं आढळलं, तर बाजू मांडायची संधी देऊन नोंदणी तीन वर्षांपर्यंत रद्द होऊ शकते.

नोंदणीनंतर कमाईची दुसरी वाट उघडते. सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) प्रमाणपत्रं मिळतात. उत्पादकांना ई-कचऱ्याच्या रिसायकलिंगचं आपलं उद्दिष्ट पुरं करायला ती विकत घ्यावी लागतात. हे उद्दिष्ट 2025-26 आणि 2026-27 साठी 70 टक्के आहे, 2027-28 पासून 80 टक्के. चांदी-पॅलेडियमला प्रमाणपत्र नाही, त्यांचे पैसे बाजारातच. विवरणपत्रं मात्र दर तिमाहीला आणि वर्षअखेरीस भरावी लागतात.

माल कुठून आणायचा? वर्षात 1,000 किंवा अधिक उपकरणं वापरणाऱ्या संस्था नियमांत मोठ्या ग्राहक ठरतात आणि त्यांना ई-कचरा नोंदणीकृत मंडळींनाच द्यावा लागतो. नोंदणी हातात असेल तर बँका आणि आयटी कंपन्यांची दारं ठोठावता येतात.

गल्लीतल्या भंगारवाल्याला एवढा पसारा झेपणार नाही, हे उघड आहे. त्याने बोर्ड न जाळता, न धुता गोळा करून नोंदणीकृत रिसायकलरला वजनावर विकावेत आणि पावती घ्यावी. घरातला जुना फोन देणाऱ्याला तर कसलाच अर्ज नाही. डेटा पुसून, सिम काढून तो उत्पादकाच्या किंवा नोंदणीकृत रिसायकलरच्या संकलन केंद्रात टाकला की झालं.