योम किप्पूर आणि संयुक्त राष्ट्रांची ‘सुट्टी’

‘संयुक्त राष्ट्रांनी ज्यूंच्या योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवसाला) सार्वत्रिक सुट्टी दिली आणि इतर धर्मांना डावलले’ ही समजूत बरीच वर्षे फिरत आहे. तिचा पूर्वार्ध अर्धवट आहे आणि उत्तरार्ध चक्क चुकीचा.

आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव ६९/२५० मंजूर केला. त्यात योम किप्पूरबरोबर वैशाखी बुद्धपौर्णिमा, दिवाळी, शिखांचा गुरुपूरब, ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाचा) नाताळ आणि ऑर्थोडॉक्स गुड फ्रायडे यांचे महत्त्व मान्य करून, मुख्यालयात आणि हे दिवस जेथे पाळले जातात अशा इतर कार्यस्थळी त्या दिवशी बैठका ठेवणे टाळावे, असे आवाहन संस्थेच्या विविध मंडळांना करण्यात आले. त्यामुळे कचेऱ्यांना कुलूप लागत नाही. पुढे कर्मचाऱ्यांना अशा दिवसांपैकी एक दिवस स्वतः निवडून सुट्टी घेण्याची सोय झाली. म्हणजे न्यूयॉर्कमधील एखादा मराठी कर्मचारी दिवाळी निवडतो, तेव्हा शेजारच्या मेजावरचा ज्यू सहकारी योम किप्पूर निवडू शकतो. रमजान ईद व बकरी ईद मात्र १९९८ पासूनच मुख्यालयाच्या अधिकृत सुट्ट्यांत आहेत, आणि नाताळही आहेच.

बैठका टाळण्याचे कारण साधे आहे. योम किप्पूर आदल्या दिवशीच्या सूर्यास्ताला सुरू होतो, सुमारे २५ तास अन्नपाणी वर्ज्य असते आणि कामही निषिद्ध असते, त्यामुळे व्रतस्थ प्रतिनिधी मतदानाला येऊच शकत नाही. कोकणातील बेने इस्रायली, म्हणजे तेथील मराठी भाषक ज्यू, हा दिवस पूर्वी दारे लावून घेऊन घरातच पाळत. बैठकीचे निमंत्रण तेथे पोहोचले असते, तरी दार कोणी उघडले नसते.