स्पर्धकांचा रकाना आला कुठून?

रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, म्हणजे नव्या उत्पादनात काय काय हवं याची नोंद, उघडलं की सुरुवातीच्याच पानांवर एक तक्ता भेटतो. आडवी स्पर्धकांची नावं, उभ्या सुविधा, जागोजागी टिकमार्क. आपल्या रकान्यात जिथे टिक नाही, ती झाली गरज! मला हा तक्ता नेहमी अर्धा वाटतो, आणि त्याचं कारण त्याच्या इतिहासात सापडतं.

बाजार-संशोधन सुरू झालं ते विक्रीसाठी. १९११ मध्ये अमेरिकेतल्या कर्टिस पब्लिशिंग कंपनीने चार्ल्स कूलिज पार्लिन यांना नेमलं, ते मासिकांतली जाहिरातीची जागा खपावी म्हणून. त्यांनी आधी शेती-अवजारांचा धंदा पिंजून काढला. १९३०च्या दशकात ए. सी. नीलसन यांची कंपनी ठरावीक दुकानांतला माल नियमित मोजू लागली. कोणाचा किती वाटा हे आकड्यांत दिसू लागलं. लोक तो माल का घेतात, हे त्या आकड्यांत नव्हतं.

स्पर्धकाकडे बघून आपलं काम बदलायची शिस्त झेरॉक्सला नाइलाजाने लागली. १९७९च्या सुमारास त्यांना कळलं की जपानी कंपन्या ज्या किमतीला कॉपियर विकतात, तेवढा आपल्याला तो बनवायलाच खर्च येतो. मग स्पर्धकांची यंत्रं खोलून सुट्या भागांपर्यंत तुलना झाली. पुढे गोदामाचं काम शिकायला ते एल. एल. बीन या कपडे आणि भटकंतीचं सामान विकणाऱ्या कंपनीकडे गेले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण शिकण्यासारखा कोणी आपल्याच धंद्यातला असायला हवा असं नाही.

पण ग्राहकाचं म्हणणं आणि स्पर्धकाशी तुलना यांची खरी जोडणी जपानमध्ये झाली होती. ग्राहकाची मागणी थेट रचनेत उतरवावी, या योजी अकाओ यांनी १९६६ पासून मांडलेल्या विचाराला १९७२ मध्ये मित्सुबिशीच्या कोबे इथल्या जहाजबांधणी कारखान्यात तक्त्याचं रूप आलं. तेच पुढे ‘हाउस ऑफ क्वालिटी’. १९८८ मध्ये हाउजर आणि क्लॉसिंग या अमेरिकी अभ्यासकांनी तो तक्ता गाडीच्या दाराचं उदाहरण घेऊन समजावला. डावीकडे ग्राहकाचे शब्द: ‘बाहेरून सहज बंद व्हावं’, ‘चढावर उघडं राहावं’. उजवीकडे त्याच ओळीत ग्राहकांनी आपल्या आणि स्पर्धकांच्या दारांना दिलेले गुण. वर इंजिनिअरची मापं, जसं की दार लावायला किती ऊर्जा लागते. खाली त्याच मापांनी मोजलेली सगळ्यांची दारं, आणि सर्वांत शेवटी आपलं लक्ष्य. म्हणजे स्पर्धक इथे दोनदा येतो, ग्राहकाच्या नजरेतून आणि मोजपट्टीवर. ग्राहक आपलं दार जड म्हणतो आणि माप हलकं दाखवतं, तर बहुधा आपण भलतंच काहीतरी मोजतोय.

डावी बाजू सुटली की काय होतं, ते १९८५ मध्ये कोका-कोलाने पाहिलं. पेप्सीचा वाटा वाढत होता, म्हणून सुमारे दोन लाख लोकांकडून चव तपासून नवा कोक आणला. जुना कायमचा गेला तर कसं वाटेल, याची नीट दखलच कोणी घेतली नव्हती. ७९ दिवसांत जुना परत आला.

बिझनेस अ‍ॅनालिस्ट (गरजा समजून घेऊन मांडणारे) वापरतात त्या ‘बाबॉक’ मार्गदर्शिकेच्या २०१५च्या आवृत्तीत बेंचमार्किंग (झेरॉक्सने केली तशी इतरांशी तुलना) आणि बाजार-विश्लेषण हे एकत्रित तंत्र म्हणून आहे. टेम्प्लेटांत मात्र बहुतेक वेळा टिकमार्कचा तक्ताच उरतो, म्हणून मी त्यात सर्वांत डावीकडे एक रकाना वाढवते. त्यात ग्राहकाचं वाक्य, त्याच्याच शब्दांत. तो रिकामा राहिला तर ती ओळ गरजांच्या यादीत जात नाही.