प्रबंध परत का येतो? संदर्भसूची, फॉन्ट आणि मुदतीबद्दल

मागच्या महिन्यात एक ताई पहाटेच्या एसटीनं आमच्या ग्रंथालयात आल्या. पिशवीत पीएच.डी.च्या प्रबंधाच्या तीन प्रती, हार्ड बायंडिंग केलेल्या, वर सोनेरी अक्षरं. सोबत विद्यापीठाचं एका ओळीचं पत्र होतं: ‘संदर्भसूची विहित पद्धतीनुसार नाही, दुरुस्ती करून पुन्हा सादर करावे.’ कोणती नोंद चुकली, काय दुरुस्त करायचं, याचा पत्रात उल्लेख नाही. ताई म्हणाल्या, “सर, विहित पद्धत म्हणजे नेमकं काय जी? मी तं गाइडनं दिलेल्या जुन्या प्रबंधावरूनच केलं सारं.”

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजचा ग्रंथपाल आहे. असे परत आलेले प्रबंध दरवर्षी माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे जिथं माणसं अडतात ते सविस्तर लिहितो, बाकीचं थोडक्यात.

पात्रता आधी. पीएच.डी. प्रवेशासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५० टक्के चालतात. प्रबंध द्यायच्या आधी किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण हवा, दर सत्राचा प्रगती अहवाल झालेला हवा आणि संशोधन सल्लागार समितीसमोर सादरपूर्व सादरीकरण झालेलं हवं. प्रवेशापासून तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत प्रबंध घेत नाहीत.

मुदत मात्र नीट वाचा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांत कमाल सहा वर्षं आहेत आणि ती मोजायची प्रवेशाच्या तारखेपासून. आपल्याकडे बहुतेक जण विषय मंजुरीचं पत्र हातात पडलं त्या दिवसापासून मोजतात. ते पत्र प्रवेशानंतर कित्येक महिन्यांनी येतं, आणि तेवढे महिने हिशेबातून गळतात. सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या संशोधकांना आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. पण ही वाढ आपोआप मिळत नाही. मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो. धान कापणी किंवा सोयाबीनचा हंगाम आटोपला की बघू, असं म्हणता म्हणता तारीख निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून आज पहिलं काम हेच करा: प्रवेशाचं पत्र काढा आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

इथंच आणखी एक गैरसमज. शोधनिबंध छापण्याची सक्ती गेली, असं सगळीकडे ऐकू येतं. ती गेली २०२२ च्या नियमांत. तुमची नोंदणी ७ नोव्हेंबर २०२२ च्या आधीची आणि २०१६ च्या नियमांखाली असेल, तर तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं तुम्हाला लागतातच. शेवटच्या महिन्यात शोधनिबंध छापून येत नाही.

आता संदर्भांकडे. विद्यापीठाच्या परिपत्रकात साधारण एवढंच असतं: ‘एमएलए किंवा एपीए पद्धत वापरावी.’ मराठी प्रबंधासाठी मराठी नमुना जोडलेला मला तरी क्वचितच दिसला. संदर्भ देण्याच्या या दोन्ही पद्धती अमेरिकेत इंग्रजी लेखनासाठी तयार झाल्या. त्या मराठीत कशा बसवायच्या हे ज्यांनी सक्ती केली त्यांनीच सांगायला हवं होतं. ते होईपर्यंत निदान एवढं पक्कं करा की पद्धत कोणती आणि तिची आवृत्ती कोणती. एमएलएची चालू आवृत्ती नववी, २०२१ ची. एपीएची सातवी, २०१९ ची. ताईंच्या जुन्या प्रबंधात प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘मुद्रित’ हा शब्द होता. ते एमएलएच्या सातव्या आवृत्तीचं वळण. २०१६ मध्ये आठवी आवृत्ती आली, तेव्हाच माध्यम लिहिणं बंद झालं. प्रकाशनाचं गावही आता दोन्ही पद्धतींत सहसा लिहीत नाहीत. ग्रंथालयातला जुना प्रबंध विषय समजून घ्यायला वाचा, त्याची संदर्भसूची उतरवू नका.

फरक एका काल्पनिक नोंदीवरून पाहा. एमएलएमध्ये मजकुरात कंसात (मेश्राम ४२), म्हणजे आडनाव आणि पान, मध्ये स्वल्पविराम नाही. सूचीत: मेश्राम, कमल. पुस्तकाचं नाव. प्रकाशन, २०१५. एपीएमध्ये मजकुरात (मेश्राम, २०१५, पृ. ४२) आणि सूचीत: मेश्राम, क. (२०१५). पुस्तकाचं नाव. प्रकाशन. एपीएत नावाचं फक्त आद्याक्षर येतं. मराठीत ते मात्रेसकट घ्या, ‘विठ्ठल’चं ‘वि.’, ‘व.’ नव्हे. एक पद्धत धरली की शेवटच्या पानापर्यंत तीच. पहिल्या तीन प्रकरणांत एक आणि पुढं दुसरी, हे परत येण्याचं फार मोठं कारण आहे. बहुतेक वेळा मधे टायपिंगवाला बदललेला असतो.

सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट म्हणजे पुस्तकाचं पहिलं पान. संदर्भाला लागणारी बहुतेक माहिती शीर्षकपानावर आणि त्याच्या मागच्या पानावर असते: लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती. आणि झेरॉक्स काढताना आपण नेमकी तीच दोन पानं सोडतो, प्रकरण पाचपासून काढतो. तीन वर्षांनी सूची करायला बसलं की हातात चाळीस पानांचा गठ्ठा असतो आणि वर्ष कुठंच नसतं. ताईंच्या तीसेक नोंदींचं हेच झालं होतं. त्यातली काही पुस्तकं आमच्याच कपाटात निघाली, पण त्यांचीही सुरुवातीची पानं फाटून गेलेली.

अशा वेळी ग्रंथपालाकडे जा आणि गुप्त पान दाखवायला सांगा. बहुतेक ग्रंथालयं पुस्तक दाखल करताना शीर्षकपानाशिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारून दाखल क्रमांक लिहितात. प्रत्येक ग्रंथालयाचं पान वेगळं, कुणाचं पंचवीस तर कुणाचं एक्कावन्न. पुढची पानं गेली तरी तो क्रमांक राहतो. मग त्या क्रमांकानं दाखल नोंदवही उघडायची. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, सगळं एका ओळीत सापडतं. ताईंनी आणलेल्या झेरॉक्सच्या एका पानावर कोपऱ्यात पुसटसा निळा शिक्का दिसत होता. त्यावरचा आकडा भिंगातून वाचला आणि आमच्या वहीतून १९६७ हे वर्ष निघालं. ताई त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बघत राहिल्या. पुस्तक बाहेरगावच्या ग्रंथालयातलं असेल तर तिथं फोन करा. नागपूरला सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आहे, जुन्या वैदर्भीय पुस्तकांसाठी एक चक्कर तिथं नक्की मारा. सगळं करूनही वर्ष मिळालं नाही तर ‘वर्ष नमूद नाही’ असं स्पष्ट लिहा. अंदाजानं वर्ष ठोकून देऊ नका, परीक्षक नेमकं तेच पुस्तक घरी ठेवून असतो.

जुन्या पुस्तकांवर इसवी सनाऐवजी शकवर्ष असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, शके १८८५ म्हणजे १९६३. नवं शकवर्ष गुढीपाडव्याला लागतं, म्हणून पुस्तक जानेवारी ते पाडवा या काळातलं, म्हणजे माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९ मिळवावे लागतात. पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती यांतही गल्लत होते. गोंडी समाजावर काम करणारे बहुतेक जण रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ वापरतात. तो मूळ १९१६ चा, चार खंडांचा. तुमच्या हातात पुनर्मुद्रण असेल तर वर्ष पुनर्मुद्रणाचं द्या आणि एपीएत मूळ वर्ष तिरप्या रेघेनं आधी जोडा. खंडाचा क्रमांक विसरलात तर पान क्रमांकाला काही अर्थ राहत नाही.

ओवीबद्ध ग्रंथांना पान देऊन भागत नाही. ग्रामगीतेचा दाखला अध्याय आणि ओवीच्या क्रमांकानं द्या. महानुभाव साहित्यावर काम करत असाल तर लीळेचा (चक्रधरस्वामींच्या आठवणीचा) क्रमांक आणि संपादकाचं नाव दोन्ही हवं, कारण संपादित प्रतींमध्ये लीळांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. वर्तमानपत्राला आवृत्ती लिहा. नागपूर आवृत्तीतली बातमी अकोला आवृत्तीत त्याच पानावर असेलच असं नाही.

मुलाखतींचं वेगळं. दंडार, खडी गंमत, झाडीपट्टीचं नाटक अशा विदर्भातल्या लोककलांच्या विषयांत अर्धा प्रबंध कलावंतांच्या बोलण्यावर उभा असतो. एमएलएत वैयक्तिक मुलाखत सूचीत येते: नाव, ‘वैयक्तिक मुलाखत’, तारीख. एपीएत खासगी संभाषणाचा उल्लेख फक्त मजकुरात येतो, सूचीत नाही, कारण वाचक ते पुन्हा शोधून वाचू शकत नाही. आणि तुम्हीच प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरला असाल तर ती तुमच्या संशोधनाची सामग्री आहे. ती कार्यपद्धतीच्या प्रकरणात आणि परिशिष्टात जाते. म्हाताऱ्या कलावंतांकडून संमती त्याच दिवशी घ्या, तारीख आणि गाव त्याच वहीत लिहा. नंतर विचारायला गेलात तेव्हा तो माणूस असेलच याची खात्री नसते.

आता फॉन्ट. आपल्याकडच्या टायपिंग सेंटरमध्ये अजूनही कृतिदेव किंवा श्रीलिपीत काम चालतं. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. कृतिदेवमध्ये ‘कदम’ टाइप केलं की पडद्यावर कदम दिसतं, पण आत साठलेली अक्षरं असतात डी, एन, ई. दुसरीकडून उतरवलेला मजकूर शोधायला साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तीच इंग्रजी अक्षरं वाचतं. मग अहवालात साम्य शून्य येतं आणि विद्यार्थी खूश होतो. शून्य म्हणजे काही तपासलंच गेलं नाही, आणि हे ज्याला कळतं तो अधिकारी प्रबंध परत पाठवतो. सूची अकारविल्हे लावायलाही हाच घोळ, कारण संगणक कदमला डीखाली आणि ऱ्हस्व वेलांटीनं सुरू होणारं प्रत्येक नाव एफखाली टाकतो. तपासायचं असेल तर वर्ड फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड, चिन्हांचा आणि इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसला तर नाही. कन्व्हर्टरनं बदलता येतं, पण रफार हमखास सरकतो, ‘वर्धा’सारखे शब्द बिघडतात. प्रत्येक पान डोळ्याखालून घाला.

साम्याच्या टक्क्यांबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. रीतसर संदर्भ दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि आभार यांना या मोजणीतून सूट आहे. म्हणून अहवाल काढणाऱ्याला ही सूट लावायला आवर्जून सांगा. लावली नाही तर चांगला प्रबंधही बावीस-पंचवीस टक्के दाखवतो आणि माणूस घाबरून स्वतःचीच वाक्यं मोडत बसतो. पण दहाच्या आत आलं म्हणजे नऊ टक्के उचलायला परवानगी मिळाली, असंही नाही. संदर्भाशिवाय उतरवलेला एक परिच्छेदही परीक्षकाला दिसतोच.

कागदपत्रं साधारण ही: मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, मजकूर स्वतःचा असल्याचं तुमचं हमीपत्र, साम्य अहवाल, कोर्सवर्कचा निकाल, सादरपूर्व सादरीकरणाचं प्रमाणपत्र, शुल्काची पावती, ग्रंथालयाचं ना-देय पत्र आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी प्रकरणवार पीडीएफ. प्रबंधाचं शीर्षक या सगळ्यांवर मंजुरीपत्रातल्यासारखंच हवं, वेलांटीसकट. आणि बायंडिंग सगळ्यात शेवटी, संबंधित विभागातल्या माणसानं साधी प्रत पाहिल्यावर.

ताईंच्या तीन प्रती आम्ही उसवल्या. तीसपैकी सत्तावीस नोंदींची वर्षं चार दिवसांत मिळाली. उरलेल्या तीन नोंदींपुढे ‘वर्ष नमूद नाही’ लिहिलं आणि गेल्या सोमवारी ताई पुन्हा प्रबंध देऊन आल्या.