पुराच्या पाण्यात मोटार घालणे

पूर आलेल्या किंवा पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून मोटार नेण्यात वाहनाला आणि आतल्या माणसांना असणारे धोके. ही नोंद मुख्यतः बडोद्याच्या (वडोदरा) संदर्भात आहे.

बडोद्याच्या पुराला एक खोड आहे: पाऊस उघडल्यावरही तो चढतो. विश्वामित्री नदी पावागडच्या बाजूने येते आणि शहराच्या मधूनच जाते. आजवा आणि प्रतापपुरा या तलावांचे पाणीही तिलाच मिळते. त्यामुळे दांडिया बाजारात ऊन पडलेले असतानाही काळा घोडा पुलाखाली पातळी वाढत असू शकते. सकाळी कोरडा पाहिलेला रस्ता दुपारी तसाच असेल, हा हिशेब इथे फसतो. 31 जुलै 2019 रोजी चोवीस तासांत सुमारे 20 इंच पाऊस झाला, तेव्हा निदान कारण डोळ्यांसमोर कोसळत होते. ऑगस्ट 2024 मध्ये मात्र नदी 35 फुटांच्या वर गेली आणि पाऊस ओसरल्यावरही अनेक वस्त्यांतले पाणी हटेना. त्यानंतर पुन्हा पुराची धास्ती वाटली तेव्हा लोकांनी गाड्या आधीच उड्डाणपुलांवर नेऊन लावल्या. यात वाहतुकीची अडचण झाली खरी, पण शहाणपणही होते.

‘इंजिन बुडत नाही तोवर गाडी निघते’ हा समज सर्वांत घातक. गाडी त्याच्या आधी तरंगते. लहान हॅचबॅकचा तळ साधारण सहा चौरस मीटरचा असतो, म्हणजे तळाच्या वर चढलेले दर दहा सेंटिमीटर पाणी तिला सुमारे 600 किलोंचा उचल देते. गाडीचे वजन नऊशे-हजार किलो. तळ जमिनीपासून सोळा-सतरा सेंटिमीटर उंच धरला, तरी गुडघ्याच्या खालीच टायरची पकड सुटू लागते. इंजिन पुढे असल्याने आधी मागची बाजू उचलली जाते आणि स्टिअरिंग फिरवून काही होत नाही. वाहत्या पाण्यात तर प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. उंच एसयूव्हीला थोडी जास्त सवलत मिळते, इतकेच.

अलकापुरीच्या गरनाळ्यासारखे रेल्वेखालचे रस्ते वेगळे मोजावे लागतात. तिथे तोंडाशी घोटाभर पाणी असले तरी मध्ये उतार किती आहे ते गढूळ पाण्यात दिसत नाही. पुढची गाडी गेली म्हणून आपलीही जाईल असे नाही. तिच्या लाटेनेच पाणी आपल्या बॉनेटवर येते.

पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेल्या गाडीला ‘एकदा स्टार्टर मारून बघू’ म्हणणाऱ्यांनीच बरीच इंजिने घालवली आहेत. गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढायची आणि मेकॅनिकने पाणी काढेपर्यंत चावी फिरवायची नाही.

दाराबाहेर अर्धा मीटर पाणी असेल, तर मीटरभर रुंद दारावर सव्वाशे किलोंच्या आसपास दाब येतो, म्हणून आधी काचा खाली कराव्यात. विजेची यंत्रणा नंतर दगा देऊ शकते. काच फोडायची वेळ आली तर बाजूची, तीही कोपऱ्यावर. समोरची काच थरांची असल्याने तडकते, निघत नाही. बाहेर पडल्यावर उघडी गटारे आणि वीजप्रवाह यांची भीती सगळ्या शहरांत असते. विश्वामित्रीच्या काठी त्यात मगरींची भर पडते. पुरात त्या घरांच्या अंगणापर्यंत आलेल्या आहेत.

विम्याचा भाग कटकटीचा आहे. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेले नुकसान बसते. मात्र पाणी शिरलेले इंजिन सुरू करायला गेल्याने मोडले, तर कंपन्या तो दावा बहुधा नाकारतात. त्यासाठी इंजिन-संरक्षणाचे जादा कलम घ्यावे लागते आणि ते पॉलिसी काढताना किंवा नूतनीकरणाच्या वेळीच मागावे लागते.