डीप फोकस

डीप फोकस म्हणजे कॅमेऱ्याच्या अगदी नाकासमोरची वस्तू आणि खोलीच्या पार टोकाला उभा असलेला माणूस, दोन्ही एकाच शॉटमध्ये सारखेच स्पष्ट दिसणं. हॉलिवूडमध्ये ही पद्धत मुख्यतः १९४० च्या दशकाशी जोडली जाते आणि सगळ्यात आधी नाव निघतं ते कॅमेरामन ग्रेग टोलंड (१९०४–१९४८) यांचं. ते स्वतः याला 'पॅन-फोकस' म्हणायचे. डेप्थ ऑफ फील्डशी (जवळच्या आणि लांबच्या ज्या दोन अंतरांमधलं सगळं स्पष्ट येतं तो पट्टा) मात्र याची गल्लत करू नये, ती लेन्सची मोजता येणारी गोष्ट आणि डीप फोकस म्हणजे पडद्यावर प्रत्यक्ष जे दिसतं ते, आणि ते दरवेळी लेन्सनेच साधलेलं असतं असं नाही.

सुरुवात कुणी केली यावर एकमत नाही. अगदी सुरुवातीच्या मूकपटांत शूटिंग बरचसं उन्हात व्हायचं त्यामुळे मागचं-पुढचं आपोआपच स्पष्ट यायचं. १९२० च्या दशकाच्या शेवटी पॅनक्रोमॅटिक फिल्म (सगळ्या रंगांचा उजेड टिपणारी कृष्णधवल फिल्म) रुळली, तिला टंगस्टनचे म्हणजे तारेचे दिवे मानवले, त्यात बोलपट आले आणि गुणगुणणारे आर्क दिवे (विजेच्या ठिणगीवर चालणारे प्रखर दिवे) सेटवर नकोसे झाले, मग कमी उजेडात लेन्स जास्त उघडी ठेवायची, त्यामुळे चेहरा स्पष्ट आणि मागचं धूसर असा मऊ लूक सगळीकडे दिसायला लागला. फ्रेंच समीक्षक ज्याँ-लुई कोमोली यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असं मांडलं की हा बदल निव्वळ तंत्राचा नव्हता, त्यामागे विचारसरणीही होती. साधारण त्याच वेळी अभ्यासक पॅट्रिक ओगल यांचा भर होता फिल्म, दिवे आणि लेन्स यांवर. शिवाय कॅमेरामन जेम्स वाँग हाउ यांनी १९३१ च्या 'ट्रान्सअटलांटिक'मध्ये वाइड लेन्स वापरून असे शॉट घेतलेले आहेत आणि फ्रान्समध्ये दिग्दर्शक ज्याँ रन्वार १९३० च्या दशकभर पुढून मागपर्यंत खोलवर दृश्यं रचतच होते. त्यामुळे टोलंडनी नवं काही शोधण्यापेक्षा विखुरलेल्या गोष्टी एकत्र करून टोकाला नेल्या, ही सिनेअभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांच्या वळणाची मांडणी जास्त पटते.

तंत्र समजायला साधा हिशोब पुरतो. लेन्सचं छिद्र जितकं बारीक तितकी फोकसची खोली जास्त (छिद्राचं माप एफ आकड्यात सांगतात, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), पण एफ २.८ वरून एफ ८ वर गेलं की उजेड आठपट लागतो. टोलंडनी हा उजेड भरून काढला जोरदार आर्क दिव्यांनी, कोडॅकच्या वेगवान सुपर डबल एक्स फिल्मने आणि उजेड वाया जाऊ न देणारं कोटिंग केलेल्या लेन्सनी. 'सिटिझन केन'मध्ये (१९४१) ते एफ ८ पासून एफ १६ पर्यंत गेले. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी शेवटच्या श्रेयनामावलीत स्वतःचं आणि टोलंडचं नाव एकाच पाटीवर दिलं, कॅमेरामनला असा मान तेव्हा सहसा मिळत नसे.

याच सिनेमातला, नायक केनची बायको सूझन हिच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचा शॉट पुन्हा नीट बघावा. पुढे मोठा दिसणारा पेला आणि बाटली, मधे अंधारात पलंगावर पडलेली सूझन, मागे बंद दार आणि ते ढकलून आत येणारा केन. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी डीप फोकसचा नमुना म्हणून याचीच चर्चा केली. नंतर अभ्यासक रॉबर्ट कॅरिंजर यांच्या संशोधनातून कळलं की हा शॉट कॅमेऱ्यातच दोनदा एक्सपोज केलेला आहे, आधी पुढची वस्तू उजळून घेतली, मग फिल्म मागे फिरवून, फोकस बदलून, मागची खोली. सिनेमातले इतर बरेच शॉट तर लिनवुड डन यांनी ऑप्टिकल प्रिंटरवर (वेगवेगळी चित्रं एकाच फिल्मवर उतरवणारं यंत्र) जोडलेले आहेत. म्हणून शॉटची किंमत जराही कमी होत नाही, पेल्यापासून दारापर्यंतचं अंतर आपल्याला तितकंच जाणवतं.

बाझँचं म्हणणं होतं की डीप फोकसमुळे कुठे बघायचं ते प्रेक्षक ठरवतो. दिग्दर्शक विल्यम वायलर यांचे सिनेमे बघितले की हे पूर्ण खरं वाटत नाही. 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज'मध्ये (१९४६) पुढे होमर पियानो वाजवतोय, शेजारी अल उभा, आणि बारच्या पार टोकाला फोन बूथमध्ये फ्रेड अलच्या मुलीशी नातं तोडतोय. अल मधेच वळून बूथकडे बघतो आणि आपली नजरही तिकडेच जाते. उलट 'द लिटल फॉक्सेस'मध्ये (१९४१), कॅमेरा टोलंडचाच, रेजिना पुढे स्तब्ध बसलेली असताना मागे जिन्यावर कोसळणारा नवरा मुद्दाम धूसर ठेवलाय, आणि त्या धूसरपणामुळेच जीव जास्त कासावीस होतो.

टोलंड ४४ व्या वर्षी गेले. रंगीत फिल्मला उजेड जास्त लागायचा आणि १९५३ मध्ये आलेल्या सिनेमास्कोपच्या (रुंद पडद्याची पद्धत) लेन्सना फोकसची खोली कमी मिळायची, त्यामुळे पद्धत मागे पडली. पुढच्या काळात स्प्लिट डायॉप्टर (लेन्सच्या अर्ध्या भागावर बसवायची जादा काच) वापरून जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट ठेवायला लागले, पण त्यात मधला भाग धूसरच राहतो.