हुलियान एर्नांदेस

(१९७२– ). मेक्सिकन चित्रपट-दिग्दर्शक. समलिंगी पुरुषांच्या प्रेमकथा आणि अत्यल्प संवाद यांसाठी प्रसिद्ध. जन्म मेक्सिको सिटी येथे. चित्रपटाचे शिक्षण त्यांनी तेथील राष्ट्रीय विद्यापीठाच्या चित्रपट केंद्रात घेतले.

मेक्सिकन पडद्यावर समलिंगी पात्रे त्यांच्या आधीही होती. आर्तुरो रिप्स्तेन यांच्या ‘एल लुगार सिन लिमितेस’ (१९७८) मधली, स्त्रीवेशात वावरणारी मानुएला तिथल्या प्रेक्षकांना आजही आठवते. हाइमे उंबेर्तो एर्मोसियो यांच्या ‘दोन्या एर्लिंदा इ सु हिहो’ (१९८५) मध्ये तर आई मुलाचे लग्नही लावून देते आणि त्याच्या प्रियकरालाही घरात सामावून घेते. या दोन्ही चित्रपटांत समाज काय म्हणेल, हा प्रश्न सतत डोकावतो. एर्नांदेस यांनी तो जवळजवळ बाजूलाच ठेवला. त्यांच्या नायकांना घरच्यांना काही पटवून द्यायचे नसते. त्यांचे दुःख कोणत्याही प्रेमभंगाइतकेच साधे आणि तेवढेच असह्य असते.

‘मिल नुबेस दे पास सेर्कान एल सिएलो, आमोर, हामास आकाबारास दे सेर आमोर’ (२००३) हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. शीर्षकाचा अर्थ साधारण असा : ‘शांततेचे हजार ढग आकाशाला वेढतात, प्रेमा, तुझे प्रेम असणे कधीच संपणार नाही’. एवढे लांब नाव तिकीटखिडकीवर कोण उच्चारणार, हा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. कथा मात्र दोन ओळींत मावते. सतरा वर्षांच्या हेरार्दोला प्रियकराचे निरोपाचे पत्र मिळते आणि त्याचा अर्थ लावत तो शहरभर हिंडतो. चित्रण कृष्णधवल. सोबतीला सारा मोंतिएल यांचे जुने, हळवे गाणे. मुलगा फारसा बोलत नाही. त्याची घालमेल चालण्यातून, थबकण्यातून आणि ओळखी नसलेल्या पुरुषांच्या नजरांतून कळते. बर्लिन महोत्सवात क्वीअर चित्रपटांना दिला जाणारा टेडी पुरस्कार या चित्रपटाला मिळाला.

‘एल सिएलो दिविदिदो’ (२००६) मध्ये विद्यापीठातल्या दोघा मुलांचे प्रेम जुळते, विरते, आणि त्यातल्या एकाला बऱ्याच काळापासून दुरून पाहणारा तिसरा पुढे येतो. छायालेखक आलेहान्द्रो कान्तू यांचा कॅमेरा पात्रांभोवती संथपणे फिरतो, दृश्य लांबत जाते, आणि जे एरवी संवादात सांगितले गेले असते ते अंगांच्या जवळ येण्या-दूर जाण्यात दिसते. पडद्यावरची शरीरे उघडी असतात, पण त्यांच्याकडे पाहण्यात चावटपणा नाही. याच ढंगाचा कळस ‘राबिओसो सोल, राबिओसो सिएलो’ (२००९) मध्ये आहे : १९१ मिनिटे, नावापुरते संवाद, आणि शहरातली प्रेमकथा पुढे थेट पुराणकथेच्या प्रदेशात शिरते. त्यालाही टेडी मिळाला. लांबी सर्वांना मानवली नाही, आणि हा आक्षेप अगदीच गैर नाही.

रोबेर्तो फिएस्को हे त्यांचे जुने निर्माते-सहकारी. ‘केब्रांतो’ (२०१३) हा अनुबोधपट फिएस्को यांनी स्वतः दिग्दर्शित केला आहे. एर्नांदेस यांच्या पुढच्या कामात ‘यो सोय ला फेलिसिदाद दे एस्ते मुन्दो’ (२०१४) ही दिग्दर्शक आणि नर्तक यांची कथा आहे. नंतर ते स्त्रियांच्या सूडकथांकडे वळले : ‘रेन्कोर तातुआदो’ (२०१८), आणि १९८०च्या दशकातल्या मुलींच्या टोळीवरील ‘ला दिओसा देल आस्फाल्तो’ (२०२०). या दोहोंत संवाद आणि घटना दोन्ही वाढल्या आहेत.