स्वतंत्र व्यावसायिक कुस्तीगीर

एखाद्या मोठ्या टीव्ही कंपनीशी पूर्णवेळ करार न करता, सामन्यागणिक मानधन घेऊन निरनिराळ्या आयोजकांकडे उतरणारा व्यावसायिक कुस्तीगीर. धंद्यातले लोक त्याला ‘इंडी रेसलर’ म्हणतात आणि तो ज्या लहानमोठ्या संस्थांमध्ये फिरत असतो त्या साऱ्यांना मिळून ‘इंडी सर्किट’. या प्रकारात सामन्याचा निकाल आधी ठरलेला असतो. तो सामने रचणारा माणूस, म्हणजे ‘बुकर’, ठरवतो, आणि ती लढत प्रेक्षकांच्या गळी उतरवणे हे रेसलरचे काम. त्यामुळे अमुक इतके सामने जिंकले या हिशेबाला इथे किंमत नाही. कोणाच्या नावावर तिकिटे खपतात आणि कोणाच्या हातात आपली मान निर्धास्तपणे देता येते, यावर पुढचे बोलावणे अवलंबून असते. नाव त्याचे, अंग त्याचे, खर्चही त्याचाच, असा हा एकट्याचा धंदा आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९४८ साली आयोवा राज्यातल्या वॉटर्लू इथे नॅशनल रेसलिंग अलायन्सची स्थापना झाली आणि देशभरातल्या आयोजकांनी आपापले प्रदेश वाटून घेतले. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने कार्यक्रम करायचा नाही, असा अलिखित करार होता. रेसलर एका प्रदेशात काही महिने काम करी. लोकांना त्याचा कंटाळा आला की गाठोडे बांधून पुढच्या प्रदेशात जाई. पगारी नोकर तो तेव्हाही नव्हता, पण आठवड्याचे सामने ठरलेले असत आणि दर रात्री लढून हात बसत असे.

व्हिन्स मॅकमॅहन याने १९८२ मध्ये वडिलांकडून कुस्तीची कंपनी (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) विकत घेतली आणि ही वाटणी मोडली. त्याने इतरांच्या हद्दीतले नावाजलेले गडी उचलले, त्यांच्याच गावात टीव्हीच्या वेळा विकत घेतल्या आणि ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेसलमेनिया हा आपला सर्वांत मोठा कार्यक्रम पहिल्यांदा भरवला. दशक संपेपर्यंत बहुतेक जुने प्रदेश बुडाले होते. १९८९ मध्ये याच कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर आपली कुस्ती ही स्पर्धा नसून करमणूक असल्याचे कबूल केले. कारण अगदी व्यवहारी होते: खेळ म्हटला की राज्याच्या ॲथलेटिक कमिशनची (खेळांवर देखरेख करणाऱ्या मंडळाची) देखरेख आणि कर आले. या कबुलीची किंमत पुढे लहान रेसलरांनी मोजली असे म्हणायला हरकत नाही. आज अमेरिकेतल्या काही राज्यांत रेसलरला ॲथलेटिक कमिशनचा परवाना लागतो, तर काही राज्यांत भाड्याचा हॉल आणि रिंग एवढ्यावर कोणीही आयोजक होऊ शकतो.

२००१ हे वर्ष निर्णायक ठरले. मार्चमध्ये मॅकमॅहनने प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली आणि त्याच सुमारास ईसीडब्ल्यू या तिसऱ्या कंपनीचेही दिवाळे निघाले. टीव्हीवर झळकण्याचे तीन दरवाजे होते, त्यांतला एकच उरला. जे बाहेर राहिले त्यांच्यासाठी २३ फेब्रुवारी २००२ रोजी फिलाडेल्फियात रिंग ऑफ ऑनर या नव्या संस्थेचा पहिला कार्यक्रम झाला. शेवटच्या सामन्यात लो-की, क्रिस्टोफर डॅनियल्स आणि ब्रायन डॅनियलसन हे तिघे होते. तिथला प्रेक्षक रेसलरचे कसब बघायला येई. लांबलचक सामने चालत, आणि त्यांच्या चित्रफिती विकून संस्था जगत असे. कॅलिफोर्नियात २००३ मध्ये सहा रेसलरांनीच मिळून प्रो रेसलिंग गुरिला ही संस्था काढली. तिचे रेसीडातले माजी सैनिकांचे सभागृह काहीशे माणसांत भरून जाई, पण तिथे उतरला म्हणजे रेसलर ‘पोहोचला’ असे मानत. बायकांसाठी २००५ साली शिकागोजवळ शिमर ही संस्था सुरू झाली. टीव्हीवर बायकांच्या सामन्यांना जेमतेम काही मिनिटे मिळत असताना तिथे त्यांचाच पूर्ण कार्यक्रम होत असे.

शिक्षण

सुरुवात पैसे भरून होते. बहुतेक शाळा निवृत्त किंवा अजून लढणाऱ्या रेसलरांनी चालवलेल्या असतात. पुढे टीव्हीवर गाजलेला मिक फोली कॉलेजात असताना न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंडहून पेनसिल्व्हेनियातल्या डॉमिनिक डिनुची यांच्या शाळेत दर आठवड्याला गाडी हाकत जात असे आणि रात्र गाडीतच काढत असे. ब्रायन डॅनियलसन वॉशिंग्टन राज्यातून टेक्सासला शॉन मायकल्स या नामवंत रेसलरच्या शाळेत गेला आणि १९९९ मध्ये रिंगणात उतरला.

पहिले अनेक आठवडे शिकायचे ते पडायला. रिंग म्हणजे लोखंडी सांगाड्यावर टाकलेल्या लाकडी फळ्या, त्यांवर फोमचा पातळ थर आणि वरून ताणलेले कॅनव्हास. टीव्हीवर दिसते तशी ती गादी नव्हे. पाठीवर पडण्याला ‘बम्प’ म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही. पाठीचा वरचा सपाट भाग आधी टेकवायचा, दोन्ही हात बाजूला तिरके पसरून तळव्यांनी एकाच वेळी जमिनीवर थाप द्यायची, आणि त्याच क्षणी श्वास सोडायचा. आघात जितक्या मोठ्या भागावर पसरेल तितका एका जागी कमी बसतो. कोपर आधी टेकवून सावरायला गेले की मनगट किंवा खांदा जातो. फळ्यांच्या दणक्याने आवाज मोठा येतो आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही तो ऐकू जातो, त्यामुळे हे तंत्र तमाशाच्याही उपयोगी पडते. छातीवर उघड्या हाताने मारलेला ‘चॉप’ मात्र खराच असतो. त्याचे लाल वळ दुसऱ्या दिवशीही दिसतात.

शाळा निवडताना चुकले तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत २००१ मध्ये सरावात डोक्याला मार लागून एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. डोक्याला आधी इजा झालेली असतानाही त्याला पुन्हा सरावाला उतरवले होते. २००५ मध्ये ज्यूरीने शाळेला जबाबदार धरून कुटुंबाला तेरा लाख डॉलरहून अधिक भरपाई देवविली.

कामाची रात्र

नवखा रेसलर कार्यक्रमाच्या कितीतरी तास आधी पोहोचतो, कारण रिंग त्यालाच उभी करायची असते. ट्रकमधून खांब, तुळया, फळ्या उतरवायच्या, दोर ताणायचे, खुर्च्या मांडायच्या. जागा म्हणजे शाळेचा जिम, माजी सैनिकांचा हॉल किंवा एखादे गोदाम. ड्रेसिंग रूममध्ये शिरताच प्रत्येकाशी हात मिळवायचा; जो चुकला त्याची चर्चा होते. हात हलका मिळवायचा असतो. मऊ पकड म्हणजे ‘रिंगणातही मी तुला जपेन’ असा त्याचा अर्थ.

निकाल आणि वेळ बुकर सांगतो. प्रतिस्पर्धी आधी भेटलेला असेलच असे नाही, पण त्याला डोक्यावर उचलून आपटायचे तर त्याच रात्री असते. दोघे शेवटच्या दोन-तीन मिनिटांचा क्रम नक्की करतात. मुरलेले रेसलर बाकीचे रिंगणातच, पकडीत असताना कानात कुजबुजून ठरवतात. पंच ‘किती मिनिटे राहिली’ ते हळूच सांगतो. तो फक्त तीन आकडे मोजायला उभा असतो असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात कोणाला खरोखर लागले आहे का, हे सर्वांत आधी त्यालाच कळते. खलनायकाला ‘हील’ आणि नायकाला ‘बेबीफेस’ म्हणतात, आणि सामन्याची लय बहुधा हील सांभाळतो. त्यामुळे पुष्कळ आयोजक नवख्या नायकासमोर जुना हील उभा करतात.

मध्यंतरात हाच रेसलर टेबलामागे उभा असतो. छापील फोटो, टी-शर्ट, सह्या. पाच मिनिटांपूर्वी ज्याने शिव्या घातल्या तो प्रेक्षक आता मुलाला घेऊन फोटोसाठी येतो. रात्र संपली की रोख पैसे, मग रिंग मोडून ट्रकमध्ये भरायची, आणि तीन-चार जण एका गाडीत कोंबून, पेट्रोल वाटून घेत घरचा रस्ता. गाडीत कोणी जुना जाणता असेल तर सामन्याची चिरफाड होते. शाळेत शिकलो नाही ते या प्रवासांत शिकलो, असे सांगणारे रेसलर पुष्कळ आहेत.

पैसा आणि नाव

सुरुवातीला मानधन नावालाच असते. पंचवीस-पन्नास डॉलर मिळाले तरी पुष्कळ. त्यामुळे दिवसा नोकरी आणि शनिवार-रविवार कुस्ती हा सर्रास प्रकार. खरी कमाई टेबलावरच्या विक्रीतून होते. शिकागोचा कोल्ट कबाना याचे उदाहरण इथे घ्यावे लागेल. २००९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने सोडल्यावर दुसऱ्या मोठ्या दरवाजाची वाट न पाहता त्याने २०१० मध्ये सहकाऱ्यांच्या मुलाखतींचे पॉडकास्ट सुरू केले, त्यातून जोडलेल्या श्रोत्यांना टी-शर्ट विकले आणि इंडीवरच पोट चालवता येते हे दाखवून दिले. पुढे शिकागोच्याच प्रो रेसलिंग टीजने रेसलरांचे टी-शर्ट ऑनलाइन विकायला घेतले. गोदाम नाही, माल पडून राहण्याची भीती नाही. २०१७ मध्ये यंग बक्स या दोघा भावांचे टी-शर्ट हॉट टॉपिक या साखळी दुकानांत टांगले गेले, तेव्हा त्यांचा डब्ल्यूडब्ल्यूईशी करार नव्हता.

कायद्याने तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे. विमा, निवृत्तिवेतन, दुखापतीची रजा यांतले काही नाही. गंमत अशी की मोठ्या कंपनीत गेल्यावरही ही उपाधी तशीच राहते. २००८ मध्ये तीन माजी रेसलरांनी याविरुद्ध डब्ल्यूडब्ल्यूईवर दावा लावला, पण तो मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. त्याआधी १९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा या रेसलरने रेसलरांची संघटना बांधायचा प्रयत्न केला होता. तोही फसला.

इंडी रेसलरकडे एक मालमत्ता निश्चित असते: त्याचे नाव. मोठ्या कंपनीत ती बहुधा सोडावी लागते, कारण नवे नाव कंपनीच्या मालकीचे असते. केविन स्टीनचा केविन ओवेन्स झाला, टायलर ब्लॅकचा सेथ रॉलिन्स, ब्रायन डॅनियलसनचा डॅनियल ब्रायन. क्लॉडिओ कास्टन्योली अकरा वर्षांनी बाहेर पडला तेव्हा ‘सेझारो’ हे नाव मागेच राहिले. कोडी २०१६ मध्ये बाहेर पडला तेव्हा ‘रोड्स’ हे वडिलांनी रिंगणात गाजवलेले आडनाव त्याला काही वर्षे लावता येत नव्हते.

जाण्याचीही रीत आहे. निघणाऱ्याने राहणाऱ्याकडून हरून जायचे, म्हणजे त्याची कमावलेली पत संस्थेकडेच राहते. सीएम पंकने २००५ च्या जूनमध्ये ही रीत उलटी करून वापरली. डब्ल्यूडब्ल्यूईकडे निघाला असताना त्याने रिंग ऑफ ऑनरचा विजेतेपदाचा पट्टा जिंकला आणि नव्या कंपनीचा करार त्याच पट्ट्यावर ठेवून सही केली. प्रेक्षक खवळले, पण पुढचे कार्यक्रम चुकवायची कोणाची छाती झाली नाही. शेवटी पट्टा हरूनच तो गेला.

इतर देशांत

जपानमध्ये इंडीची सुरुवात १९८९ मध्ये आत्सुशी ओनिता या रेसलरच्या एफएमडब्ल्यू या संस्थेपासून धरतात. काटेरी तारा आणि स्फोटके लावलेल्या रिंगणातले तिचे सामने पुढे अमेरिकेतल्या ‘डेथमॅच’ पंथाला वाट दाखवणारे ठरले. अंगावर ट्यूबलाइट फुटलेले रेसलर त्यात धन्यता मानतात. ही आवड प्रस्तुत लेखकाला कधी समजलेली नाही. ब्रिटनमध्ये १९८८ साली आयटीव्ही या टीव्ही वाहिनीने कुस्ती दाखवणे बंद केल्यावर हा धंदा सुट्टीच्या गावांतल्या हॉलांवर तगला आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रोग्रेससारख्या संस्थांनी त्याला तरुण प्रेक्षक मिळवून दिला. जून २०२० मध्ये तिथूनच छळ आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची मोठी लाट उठली. शाळा, आयोजक आणि ड्रेसिंग रूम यांवर कोणाचीच देखरेख नसल्याचे त्यातून उघडे पडले. पुढच्या वर्षी संसद सदस्यांच्या सर्वपक्षीय गटाने कुस्तीवर स्वतंत्र अहवाल काढून शाळांमधली सुरक्षितता आणि मुलांचे संरक्षण यांबाबत शिफारशी केल्या.

बदललेले मार्ग

इंडी रेसलर देखणा नाही, उंच नाही, म्हणून टीव्हीला चालत नाही हा समज ६ एप्रिल २०१४ रोजी मोडला. डॅनियलसन त्या रात्री रेसलमेनियाचा शेवटचा सामना जिंकला. त्यानंतर डब्ल्यूडब्ल्यूईने इंडीतून इतके रेसलर उचलले की छोट्या आयोजकांना दर महिन्याला नवा नायक घडवावा लागे. दुसरीकडे १ सप्टेंबर २०१८ रोजी कोडी आणि यंग बक्स यांनी शिकागोजवळ ‘ऑल इन’ हा कार्यक्रम जुळवून आणला. एवढी मोठी जागा भरणार नाही असे कुस्तीच्या एका पत्रकाराने म्हटले होते; तिकिटे अर्ध्या तासात संपली आणि अकरा हजारांवर माणसे आली. त्यातूनच जानेवारी २०१९ मध्ये एईडब्ल्यू ही टीव्ही कंपनी जाहीर झाली. पाठोपाठ २०२० ची साथ आली, हॉल बंद झाले, आणि एप्रिलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने एकाच दिवशी अनेक रेसलरांना काढून टाकले. हॉल उघडल्यावर त्यांतले बरेच जण ज्या सर्किटमधून वर गेले होते तिथेच परतले. आता मात्र टीव्हीवरच्या ओळखीमुळे त्यांना दर चढा मिळू लागला. २०२४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने ‘डब्ल्यूडब्ल्यूई आयडी’ ही योजना काढून निवडक बाहेरच्या शाळांवर आपला शिक्का मारायला सुरुवात केली.

उतरती वर्षे

मान, गुडघे आणि मेंदू ही तीन ठिकाणे आधी दगा देतात. हार्वर्डमध्ये शिकलेला क्रिस्टोफर नोविन्स्की डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे रिंगणातून बाहेर पडला. २००७ मध्ये त्याने अशा इजांवरच्या संशोधनासाठी संस्था काढली, आणि खेळाडूंच्या मेंदूच्या आजारांची चर्चा बरीचशी तिच्यामुळे वाढली. इंडीतल्या जखमीसाठी मात्र अजूनही सहकाऱ्यांनी जमवलेली वर्गणी हाच मोठा आधार असतो.

जाहीर निवृत्ती फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांची बोलावणी कमी होत जातात, मग ते पंच होतात, बुकर होतात किंवा शाळा काढतात. शिमरची पहिली विजेती सारा डेल रे टीव्हीवर रेसलर म्हणून कधीच मोठी झाली नाही. २०१२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने तिला प्रशिक्षक म्हणून घेतले, आणि पुढे तिथे गाजलेल्या कितीतरी मुलींना तिनेच घडवले. २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका छोट्या संस्थेत सुरुवात केलेला दलीप सिंग राणा, म्हणजेच ग्रेट खली, याने डब्ल्यूडब्ल्यूई सोडल्यावर २०१५ मध्ये जालंधरला स्वतःची शाळा आणि संस्था उभारली.